माहुलीवर पडले, त्यांची नावं कुणाला माहीत आहेत?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. जेवायला बसलो होतो, तेवढ्यात माहुली गावातून फोन आला. "भाऊ, मुंबईची चार पोरं गडावर अडकलीत. भंडारगडाच्या अंगाला वाट चुकली. एकाच्याच मोबाईलला बॅटरी आहे, तीपण आता जाईल."

ताट तसंच ठेवून निघालो. मी पायथ्याला पोहोचेपर्यंत गावातली पाच पोरं वर निघूनही गेली होती. दोन बॅटऱ्या, एक दोर, एक कोयता. पाचातल्या दोघांच्या पायात साधी चप्पल. पाऊस असा की ओढ्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पहाटे साडेतीनला नऊही जण खाली आले. मुंबईची पोरं थंडीनं कुडकुडत होती. एका घरातल्या मावशीनं चूल पेटवून सगळ्यांना कोरा चहा दिला.

मी सकाळी बातमी पाठवली. त्यात चारही पोरांची नावं होती, वय होतं, ती राहतात कुठे तेही होतं. पंचनाम्याला आलेल्या साहेबांचं नाव हुद्द्यासकट होतं. आणि शेवटच्या ओळीत, गेली वीस वर्षं लिहितोय तसंच, "स्थानिक ग्रामस्थांच्या मदतीने सुखरूप सुटका करण्यात आली."

चार दिवसांनी त्या पाचातला एक शहापूरच्या बाजारात भेटला. हसत म्हणाला, "भाऊ, पेपरात वाचलं. ते 'स्थानिक ग्रामस्थ' म्हणजे आम्हीच ना?"

तो सहज बोलून गेला, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आज माहुलीबद्दल लिहितोय ते त्या वाक्यामुळेच. पोस्ट मोठी आहे. पण शहापूर-मुरबाडच्या माणसानं वेळ काढून वाचावी अशी विनंती.

*

आसनगाव स्टेशनला उतरलं की समोर जो डोंगर दिसतो, तो माहुली. नाशिक हायवेनं जाणारे त्याचे फोटो काढतात. उंची साधारण २८१५ फूट. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन गड एकाच डोंगरावर, म्हणून त्याला दुर्गत्रिकूट म्हणतात. बाजूला नवरा, नवरी, भटोबा, वजीर हे सुळके. ही नावं कुठल्या दप्तरातली नाहीत. आपल्या पाड्या-वाड्यांवरच्या माणसांनी डोंगराकडे बघून आपापल्या घरातलं लग्नच त्या दगडांत पाहिलं.

पायथ्याला माहुलेश्वराचं मंदिर. आवारात जुन्या कोरीव दगडांचे तुकडे पडलेले. तिथे नारळ फोडायचा, ओढा ओलांडायचा आणि सोंडेवरून चढायला लागायचं. गर्द रान, दमवणारा खडा चढ, अडीच-तीन तास. शेवटी लोखंडी शिडी. वर पोहोचलं की पाण्याची टाकी, वाड्याचे अवशेष, महादरवाजा, त्याच्या पहारेकऱ्यांच्या देवड्या. भंडारगडाकडे कल्याण दरवाजा. गडावर उघड्यावर महादेवाची पिंड आहे आणि नमाज पढण्याच्या जागेचे अवशेषही आहेत. ज्या ज्या राज्याचे शिपाई इथे राहिले, त्यांचे त्यांचे देव इथे आले. हे कुणाला आवडो न आवडो, दगड तेच सांगतात.

आता इतिहास. मोबाईलवर 'माहुली किल्ला' शोधलं की बऱ्याच ठिकाणी पहिलं वाक्य सापडतं, हा गड मोगलांनी बांधला. आणि दुसरं वाक्य, १४८५ च्या सुमारास मलिक अहमदनं तो जिंकला. मलिक अहमद म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक. आता साधा हिशोब करा. बाबरानं पानिपत जिंकलं १५२६ मध्ये. मोगल हिंदुस्थानात राज्य करायला यायच्या चाळीस वर्षं आधी जो किल्ला जिंकला गेला, तो मोगलांनी बांधला कसा? पण एकानं लिहिलं, दुसऱ्यानं कॉपी केलं, तिसऱ्यानं त्याची रील केली. आपल्याच गडाबद्दलची ही चूक आपण वर्षानुवर्षं फॉरवर्ड करतोय. म्हणजे गड मोगलांच्या आधीचा. एवढं तरी पक्कं करून पुढे जाऊ.

*

माहुलीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वर्ष १६३६. आणि ते जिंकण्याचं वर्ष नाही, शरणागतीचं आहे.

निजामशाही बुडायला आली होती. शहाजीराजांनी निजामाच्या घराण्यातलं एक लहान मूल, मूर्तझा, गादीवर बसवून त्याच्या नावानं राज्य चालवलं होतं. एका बाजूला शाहजहानचे मोगल, दुसऱ्या बाजूला विजापूरची आदिलशाही. १६३६ च्या मे महिन्यात या दोघांनी आपसात तह करून निजामशाहीची वाटणी केली. मग शहाजीराजांना कुणीच वाली उरला नाही. कोकणात उतरून त्यांनी पोर्तुगीजांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. शेवटी ते माहुलीवर आले. मोगलांकडून खानजमान आणि विजापूरकडून रणदुल्लाखान यांनी गडाला वेढा घातला. शेवटी शहाजीराजांनी गड सोडला, मूर्तझा मोगलांच्या हवाली झाला आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले.

अहमदनगरची निजामशाही, जवळपास दीडशे वर्षांचं राज्य, ते संपलं अहमदनगरला नाही. आपल्या शहापूर तालुक्यात, माहुलीवर संपलं. शाळेत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे आम्ही वेगळ्या नजरेनं बघितलं असतं.

आपल्याकडे म्हातारी माणसं सांगतात की त्या वेढ्यात जिजाऊ आणि बाळ शिवबाही गडावर होते. शिवरायांचा जन्म १६३० चा. म्हणजे तेव्हा सहा वर्षांचं वय. बापाला गड सोडावा लागताना मुलानं पाहिला आणि पुढे तोच गड घेतला, अशी ती गोष्ट. गावाची ही आठवण मी आठवण म्हणूनच सांगतो. शिवरायांनी माहुली घेतला हे मात्र पक्कं. १६५७ च्या शेवटी कल्याण-भिवंडी हाती आली आणि १६५८ च्या जानेवारीत माहुलीही स्वराज्यात आला.

सात वर्षांनी पुन्हा गेला. १६६५ चा पुरंदरचा तह, मिर्झाराजे जयसिंग, २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यात माहुली, पळसगड आणि भंडारगड.

*

आता मूळ मुद्द्यावर येतो. फेब्रुवारी १६७०.

हा महिना महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ४ फेब्रुवारीला तानाजी मालुसरे कोंढाण्यावर चढले, पडले, गड आला. त्यावर पोवाडे झाले, कादंबऱ्या झाल्या, सिनेमे झाले. व्हायलाच पाहिजेत.

त्याच महिन्यात, पुरंदरच्या तहातले गड परत घेण्याच्या त्याच मोहिमेत, मराठे माहुलीवरही चढले. रात्रीच्या अंधारात, तशाच पद्धतीनं, कडा चढून. गडावर मोगलांचा किल्लेदार होता मनोहरदास गौड. हा माणूस जागा होता. त्यानं हल्ला परतवून लावला. वर चढलेले मराठे कापले गेले, काही कड्यावरून खाली गेले. मेलेल्यांचा आकडा हजाराच्या घरात सांगतात.

हजार माणसं. आपल्या एखाद्या अख्ख्या गावाएवढी. एका रात्रीत. आपल्या या डोंगरावर.

त्यातलं एक तरी नाव तुम्हाला येतं का? मला येत नव्हतं. एवढी वर्षं शहापुरात पत्रकारिता केली, शिवजयंतीच्या बातम्या केल्या, दुर्गप्रेमींच्या मोहिमांच्या बातम्या केल्या. फेब्रुवारीत माहुलीच्या पायथ्याला त्या माणसांसाठी पणती लावायला गेल्याची बातमी मी केलेली नाही. कारण मी स्वतःही कधी गेलो नाही.

कोंढाण्यावर चढलेला मावळा आणि माहुलीवर चढलेला मावळा, दोघांच्या छातीत काय फरक होता? दोर तोच, अंधार तोच, महिना तोच. फरक एवढाच की तिथे गड आला आणि इथे नाही आला. आपण नावं ठेवली ती जिंकलेल्यांची. हरलेल्या रात्री जे पडले ते इतिहासातले 'स्थानिक ग्रामस्थ' झाले.

*

पुढे काय झालं, तेही समजून घेण्यासारखं आहे. ज्या मनोहरदासानं गड राखला, त्याचीच पुढे पंचाईत झाली. भोवतीचा मुलूख मराठ्यांच्या हातात गेलेला, वर रसद आणि कुमक येईना. अशानं गड टिकणार नाही हे त्यानं ओळखलं आणि तो किल्लेदारी सोडून गेला. त्याच्या जागी अलावर्दी बेग आला. मग मोरोपंत पिंगळ्यांनी गडाला वेढा घातला आणि १६७० च्या जून महिन्यात तिन्ही गड स्वराज्यात आले.

म्हणजे जो गड एका रात्रीच्या हल्ल्यात हजार माणसं देऊनही आला नाही, तो चार महिन्यांत रसद तुटल्यामुळे आला. खालच्या गावांशी नातं तुटलं की वरचा गड फार दिवस उभा राहत नाही.

नंतर गड पेशवाईत राहिला. १८१७ च्या पुणे करारानं उत्तर कोकण कंपनी सरकारकडे गेलं आणि मग गडाला लढाईच्या दृष्टीनं काही किंमत उरली नाही. किल्लेदार गेले, शिपाई गेले, वाडे ढासळले.

मग वाट कशी काय राहिली? विचार करा. माणसाचा पाय पडला नाही तर आपल्या रानातली वाट दोन पावसाळ्यांत बुजते. एवढ्या वर्षांत माहुलीची वाट बुजली नाही, कारण देव वर होता आणि माणसं खाली होती. महाशिवरात्रीला लोक जात राहिले, नवस फेडायला जात राहिले, गुरांमागे, मधासाठी, औषधी मुळ्यांसाठी ठाकूर-कातकरी-कोळी चढत राहिले. राजांनी गड बांधला असेल, पण गडाची वाट देवानं आणि आदिवासींनी राखली. ट्रेकर मंडळी आज ज्या वाटेचा नकाशा मोबाईलमध्ये घेऊन येतात, ती वाट कुणाच्या तरी आज्यानं पायानं आखलेली आहे.

मुरबाडकडेही हेच आहे. देहरीजवळचे गोरखगड आणि मच्छिंद्रगड घ्या. नाथपंथाच्या नावानंच ओळखले जाणारे डोंगर. गोरखगडाच्या पोटात कातळात कोरलेली गुहा, माथ्यावर महादेव. तिथे मोठ्या लढाया झाल्या म्हणून कुणी जात नाही. गोरखनाथांनी साधना केली या श्रद्धेनं लोक जातात आणि त्या श्रद्धेनंच त्या कोरीव पायऱ्या माणसात राहिल्या.

*

आता सिद्धगडाचं सांगतो. या दोन तालुक्यांत एक डोंगर असा आहे जिथे पडलेल्यांची नावं घेतली जातात.

भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म माथेरानचा, १९१२ चा, नाभिक समाजातला. शिकून वकील झाले आणि वकिली शेतकऱ्यांसाठी वापरली. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभा केला. मुंबईला वीज नेणारे मनोरे या दस्त्यानं पाडले. ब्रिटिश सरकारनं त्यांच्यावर बक्षीस लावलं. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी घेरलं, गोळीबार झाला. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले.

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड-कर्जतची माणसं तिथे जमतात. पहाटेच्या थंडीत. नावं घेतली जातात, पोरांना दाखवलं जातं की बघ, इथे पडले. तीही जिंकलेली लढाई नव्हती. पण आपल्या लोकांनी ठरवलं की ही नावं विसरायची नाहीत, आणि ऐंशी वर्षांनंतरही विसरली नाहीत. म्हणजे आपल्याला हे जमतं. सिद्धगडावर जमतं तर माहुलीवर का जमू नये?

*

२०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर, प्रतापगड, पन्हाळा, पार तमिळनाडूतला जिंजीसुद्धा. आनंद झाला, पेढे वाटले, वाटायलाच हवेत. तेव्हा आपल्या भागातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "माहुली का नाही?" त्यावर दिवसभर भांडण. कुणी आमदाराला शिव्या घातल्या, कुणी खासदाराला.

मला विचाराल तर यादीत नाव येणं ही फार पुढची गोष्ट आहे. आधी पायथ्याशी दोन खरी वाक्यं लिहिलेला फलक तरी लावूया. युनेस्कोला काय सांगणार, मोगलांनी १४८५ च्या आधी बांधला म्हणून?

माझ्या मते चार गोष्टी आपल्या हातात आहेत. यासाठी दिल्लीला जावं लागत नाही.

पहिली. माहुलेश्वराच्या आवाराजवळ एक साधा फलक. त्यावर १६३६, १६५८, १६६५ आणि १६७० ही चार सालं, प्रत्येकाखाली दोन ओळी. फेब्रुवारी १६७० ला पडलेल्यांचा उल्लेख ठळक. मजकूर इतिहासाच्या जाणकाराकडून तपासून घ्यायचा. पुढाऱ्यांचे फोटो नकोत.

दुसरी. दरवर्षी फेब्रुवारीत एक संध्याकाळ पायथ्याला पणत्या. डीजे नको, ट्रॅफिक जाम नको. गड तानसा अभयारण्याच्या हद्दीत येतो, गिधाडांचा डोंगर आहे, त्यामुळे जे काही ते खाली, मंदिरापाशी आणि वनखात्याला विचारून.

तिसरी. गावातल्या पोरांचं रीतसर बचाव पथक. प्रशिक्षण, दोर, हेल्मेट, चांगल्या बॅटऱ्या, विमा. आज ती चप्पल घालून रात्री चढतात. उद्या त्यांच्यातल्या एकाला काही झालं तर कुणाच्या दारात जायचं? गडावर जाणाऱ्यांकडून जे शुल्क घेतलं जातं, त्यातला काही भाग या पथकाला मिळायला काय हरकत आहे? आणि ट्रेकर भावांनो, वाटाड्या घ्या. तुमच्या पिझ्झाच्या बिलाएवढेच पैसे जातात.

चौथी पाण्याची, आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही. माहुलीवरून तानसा तलाव दिसतो. १८९२ पासून त्याचं पाणी मुंबईला जातं. भातसा आणि वैतरणेचं पाणीही जातं. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. गडावर ज्यांनी टाकी खोदली, त्यांना कळत होतं की वेढा पडला तर आधी पाणी लागतं. चारशे वर्षांनी आपण खाली राहून दरवर्षी वेढ्यात सापडतो. रसद कुणाची तुटलीय, हे मनोहरदासाला कळलं होतं. आपल्याला कधी कळणार?

*

शेवटचं. ही पोस्ट लिहायच्या आधी मी त्या बाजारात भेटलेल्या पोराकडे गेलो. म्हटलं, या वेळेस तुमची पाचही नावं लिहितो, माझी चूक दुरुस्त करतो. तो म्हणाला, "नको भाऊ. रात्री जंगलात कशाला गेलात म्हणून आम्हालाच विचारतील. नाव राहू दे. त्यापेक्षा पावसात त्या शिडीपाशी लय घसरतं, तेवढं लिवा."

लिहिलं. पावसात शिडीपाशी फार घसरतं. ज्यांच्या अखत्यारीत येतं त्यांनी या उन्हाळ्यातच बघावं.

पण नाव सांगायला घाबरावं लागतं, हीच खरी बातमी आहे. त्यांच्याकडे ओळखपत्र असतं, पथकाची नोंद असती, तर तो नाव नको म्हणाला नसता. १६७० ची नावं आता आपल्या हातात नाहीत. ही पाच आहेत. ती कागदावर आणणं, एवढं तरी आपण करूया.

येत्या फेब्रुवारीत मी पणती घेऊन माहुलेश्वरापाशी जाणार आहे. एकटा असलो तरी जाणार. कोण येणार ते खाली लिहा. आणि तुमच्या आजी-आजोबांनी माहुलीची काही गोष्ट सांगितली असेल, कुणाचं नाव सांगितलं असेल, तर तेही लिहा. मी जपून ठेवीन.

पटलं तर शेअर करा. पण फॉरवर्ड करायच्या आधी पूर्ण वाचा.